स्प्रिंग नसलेले इंजिन : फाबिओ तालिओनी आणि डेस्मोची कथा

१/
जुलै १९५६. स्वीडनमधील हेदेमोरा. १२५ सीसी गटाच्या शर्यतीत एक नवी इटालियन मोटरसायकल प्रथमच उतरली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली. स्वार होता जान्नी देल्यी आंतोनी. या यंत्राचे वैशिष्ट्य त्यात काय होते यापेक्षा काय नव्हते, यात होते. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक इंजिनात असणारी एक साधी वस्तू त्यात नव्हती : व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग.

२/
ती स्प्रिंग काढण्याची गरज का पडली, ती कोणी काढली, आणि पुढे साठ वर्षांनंतर त्याच कंपनीने ती काही इंजिनांत परत का बसवली, याचा हा इतिहास. कॅमशाफ्ट बदलून, व्हॉल्व्हची यंत्रणा सुधारून इंजिनाची ताकद वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला आजही याच प्रश्नापाशी यावे लागते.

३/
आधी यंत्र समजून घ्यावे. चार स्ट्रोकचे इंजिन श्वास घेते आणि सोडते. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह, जळलेला वायू बाहेर सोडणारा दुसरा. हे व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि किती वेळ उघडायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. गोल दांड्यावर अंड्याच्या आकाराचा उंचवटा असतो, तो म्हणजे कॅम. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो. व्हॉल्व्ह उघडतो.

४/
पण कॅमला फक्त ढकलता येते, ओढता येत नाही. व्हॉल्व्ह परत जागेवर आणण्याचे काम स्प्रिंगचे. दवाखान्याच्या झुलत्या दाराची आठवण करावी. येणारा माणूस दार ढकलतो, स्प्रिंग ते मिटते. माणसे एकेक करून येत असतील तर व्यवस्था उत्तम. लोंढा आला की दार मिटण्याआधीच पुढचा हात त्यावर पडतो आणि दार उघडेच राहते.

५/
इंजिनात हा लोंढा केवढा असतो? क्रँकशाफ्टचे मिनिटाला १२,००० फेरे होत असतील, तर कॅमशाफ्टचे ६,००० होतात. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात शंभर वेळा उघडतो आणि शंभर वेळा मिटतो. एकदा उघडून मिटण्यासाठी त्याला सेकंदाचा साधारण अडीचशेवा भाग मिळतो.

६/
आणि फेरे दुप्पट झाले, तर व्हॉल्व्हला वळवून परत आणण्यासाठी लागणारे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. एका मर्यादेनंतर स्प्रिंग हरते. व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून हवेत तरंगतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. मग सिलिंडर नीट बंद होत नाही आणि ताकद एकदम पडते. नशीब वाईट असेल तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि इंजिनाचा शेवट होतो.

७/
मग फेरे कमी ठेवले तर? शर्यतीत ते शक्य नव्हते. १९४६ पासून मोटरसायकल शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी होती आणि इंजिनाची क्षमता गटानुसार ठरलेली. १२५ सीसीच्या इंजिनातून अधिक ताकद काढायची, तर त्याच सिलिंडरने मिनिटाला अधिक वेळा श्वास घ्यायला हवा, आणि प्रत्येक श्वास खोल हवा. दोन्ही गोष्टींची किल्ली कॅमशाफ्टपाशी होती.

८/
कॅमचा उंचवटा वाढवला की व्हॉल्व्ह अधिक उघडतो. त्याची रुंदी वाढवली की अधिक काळ उघडा राहतो. वरच्या फेऱ्यांत याने इंजिन खुलते. खालच्या फेऱ्यांत मात्र तेच इंजिन अडखळते, कारण मिश्रणाचा वेग कमी असताना व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहिला तर आत आलेले मिश्रण परत फिरते. कॅम बदलणे म्हणजे इंजिनाचा स्वभाव बदलणे होय.

९/
शिवाय तीव्र चढ-उताराचा कॅम व्हॉल्व्हला अधिक जोराने फेकतो. त्याला आवरायला अधिक ताठ स्प्रिंग हवी. ताठ स्प्रिंग दाबण्यात इंजिनाचीच ताकद खर्च होते, कॅम आणि रॉकर झिजतात. स्प्रिंग स्वतःही थरथरू लागते आणि थकून तुटते. १९५० च्या दशकातील पोलादाच्या मर्यादेत ही तुटणारी स्प्रिंग शर्यतीच्या इंजिनाचे कायमचे दुखणे होती.

१०/
अनेक कारखान्यांनी गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी केसांच्या पिनेच्या आकाराची हेअरपिन स्प्रिंग वापरली. ती हेडच्या बाहेर, वाऱ्यावर ठेवता येई. त्यामुळे ती थंड राही आणि तुटलीच तर बदलणे सोपे जाई. दुखणे यामुळे लांबले, बरे झाले नाही.

११/
आता बोलोन्या शहर. डुकाटी कंपनीची स्थापना १९२६ ची, आणि ती मोटरसायकलींसाठी नव्हे, तर रेडिओचे भाग बनवण्यासाठी झाली. बोर्गो पानिगाले येथील तिचा कारखाना ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर सायकलीला जोडायच्या ४८ सीसीच्या एका चिमुकल्या इंजिनाने तिला तारले. त्याचे नाव कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू.

१२/
पण पिल्लाच्या जोरावर किती काळ निभावणार? इटलीत तेव्हा लहान मोटरसायकलींचे डझनांनी कारखाने होते, आणि ग्राहक शर्यतीचा निकाल पाहून दुकानात जात असे. डुकाटीचे संचालक ज्युसेप्पे मोंतानो यांनी १९५४ मध्ये मोंदिआल कंपनीतून एक तरुण अभियंता आणला. लुगो गावचा, १९२० साली जन्मलेला, चौतिशीही न गाठलेला फाबिओ तालिओनी.

१३/
तालिओनींनी वर्षभरात १०० सीसी गटासाठी ग्रान स्पोर्ट हे यंत्र उभे केले. कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर, त्याला फिरवणारा उभा दांडा, दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे गिअर. लोकांनी तिला ‘मारिआन्ना’ म्हटले. १९५५ च्या मोटोजिरो या इटलीभर फिरणाऱ्या शर्यतीत मारिआन्नाने आपला गट जिंकला. तिचा विजयी स्वार होता देल्यी आंतोनी.

१४/
पुढची पायरी ग्रां प्रीची. तालिओनींनी १२५ सीसीचे दोन कॅमशाफ्टचे इंजिन बनवले. ते चांगले होते. पण समोर एमव्ही ऑगुस्ता होती, कार्लो उब्बिआली होता, आणि वाट अडवून बसलेली तीच जुनी स्प्रिंग होती. साधारण साडेअकरा हजार फेऱ्यांपुढे जायचे तर व्हॉल्व्ह कॅमला सोडू लागणार. अधिक ताठ स्प्रिंग हा एक मार्ग. स्प्रिंगच नको, हा दुसरा.

१५/
दुसऱ्या मार्गाचे नाव डेस्मोड्रोमिक. ग्रीक भाषेत ‘डेस्मोस’ म्हणजे बंधन आणि ‘ड्रोमोस’ म्हणजे धाव. बांधलेली धाव. व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि मिटायलाही एक कॅम. दोघांनी मिळून ओढायची मोठी करवत आठवावी. एक आपल्याकडे ओढतो, मग दुसरा आपल्याकडे ओढतो. करवत परत आपोआप येईल, या भरवशावर कोणीच बसत नाही.

१६/
ही कल्पना तालिओनींची नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. १९१४ च्या देलाज या फ्रेंच शर्यतीच्या कारमध्ये ती होती. १९५४ आणि १९५५ मध्ये फांजिओला जगज्जेता करणाऱ्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ कारमध्येही ती होती. पण १९५५ च्या अखेरीस मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि त्या कल्पनेला वाली उरला नाही.

१७/
तिला वाली न मिळण्याचे कारण होते. स्प्रिंग क्षमाशील असते. धातू तापून फुगला, थोडा झिजला, तरी ती व्हॉल्व्हला जागेवर दाबून बसवते. डेस्मोमध्ये अशी सवलत नाही. मिटणारा कॅम जरा अधिक ओढू लागला तर यंत्रणेवर ताण येतो, जरा कमी ओढला तर व्हॉल्व्ह अर्धवट मिटतो. उरलेले केसभर अंतर सिलिंडरमधील वायूचा दाब भरून काढतो, पण ते अंतर केसभरच असावे लागते.

१८/
तालिओनींनी ती कल्पना १२५ सीसीच्या एका लहानशा हेडमध्ये बसवली. तीन कॅमशाफ्ट. बाजूचे दोन व्हॉल्व्ह उघडणारे, मधला दोन्ही व्हॉल्व्ह मिटणारा. इंजिन साडेबारा हजार फेऱ्यांवर नांदू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यापुढे गेले तरी मोडत नव्हते.

१९/
या ‘त्यापुढे’ शब्दातच डेस्मोचे खरे मोल होते. वळणावर ब्रेक मारताना घाईत गिअर खाली टाकला, की इंजिनाचे फेरे क्षणात मर्यादेबाहेर उडतात. स्प्रिंगच्या इंजिनात ही एक चूक म्हणजे वाकलेले व्हॉल्व्ह आणि संपलेली शर्यत. इंजिन एकाएकी जखडले आणि मागचे चाक थांबले, तर स्वाराचा जीवही धोक्यात. डेस्मोमध्ये चूक माफ होत असे. यंत्र अधिक कठोर केले, म्हणून माणसाला सवलत मिळाली.

२०/
हेदेमोराचा विजय हा असा होता. पण आनंद टिकला नाही. काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९५६ मध्ये, मोंझा येथे सराव करताना देल्यी आंतोनीचा अपघाती मृत्यू झाला. मारिआन्नाला आणि डेस्मोला, दोघींनाही पहिले यश मिळवून देणारा स्वार गेला. डेस्मोचा कार्यक्रम मागे पडला आणि जागतिक अजिंक्यपदासाठी १९५८ उजाडले.

२१/
१९५८ चा मोसम डुकाटीने चुरशीचा केला. आल्बेर्तो गांदोस्सीने बेल्जियम आणि स्वीडन येथील ग्रां प्री जिंकल्या. अखेरच्या मोंझा शर्यतीत तर पहिल्या पाचही जागा डुकाटीच्या : ब्रूनो स्पाज्जारी, गांदोस्सी, फ्रांचेस्को व्हिला, डेव्ह चॅडविक, लुइजी ताव्हेरी. तरीही अजिंक्यपद उब्बिआलीचेच राहिले. गांदोस्सी दुसरा आला.

२२/
पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर ग्रां प्रीत एकोणीस वर्षांच्या एका इंग्रज मुलाने याच १२५ सीसी डेस्मोवर आयुष्यातील पहिली ग्रां प्री जिंकली. त्याचे नाव माइक हेलवूड. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२३/
येथे कथेला दुसरी बाजू जोडली पाहिजे, नाहीतर ती एकतर्फी स्तुती ठरेल. १९५९ मध्येच होंडा प्रथम आइल ऑफ मॅनला आली. फेऱ्यांचा प्रश्न जपानी अभियंत्यांपुढेही तोच होता. त्यांनी उत्तर वेगळे काढले : स्प्रिंग काढू नका, व्हॉल्व्हच हलका करा.

२४/
एका मोठ्या सिलिंडरऐवजी अनेक लहान सिलिंडर, प्रत्येकात दोनऐवजी चार इवलेसे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह हलका असेल तर त्याला परत आणायला साधी स्प्रिंगही पुरते. १९६६ ची होंडाची आरसी १४९ ही १२५ सीसीची मोटरसायकल पाच सिलिंडरची होती, आणि स्प्रिंग ठेवूनही मिनिटाला २०,००० हून अधिक फेरे घेत होती. तिच्यावर त्या वर्षीचा जगज्जेता झाला लुइजी ताव्हेरी, १९५८ मध्ये मोंझाला डुकाटीवर पाचवा आलेला तोच.

२५/
म्हणजे तालिओनी हरले काय? फेऱ्यांच्या शर्यतीत, होय. पण पाच सिलिंडरचे घड्याळासारखे नाजूक इंजिन डुकाटीसारख्या लहान कंपनीच्या आवाक्यातले नव्हते, आणि असे यंत्र सामान्य ग्राहकाला विकता येत नव्हते. एका वा दोन सिलिंडरच्या, मोठ्या आणि म्हणून जड व्हॉल्व्हच्या इंजिनाला डेस्मोचे औषध अजून लागू होते. तालिओनींनी ते रस्त्यावर आणण्याचे ठरवले.

२६/
१९६८ मध्ये २५० आणि ३५० सीसीच्या मार्क ३ डी मोटरसायकली विक्रीस आल्या. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटरसायकलीत डेस्मो येण्याची ही पहिली वेळ. तीन कॅमशाफ्टची गुंतागुंत जाऊन एकच राहिला होता, आणि त्याच एका दांड्यावर उघडणारे व मिटणारे चारही कॅम होते. किक मारताना व्हॉल्व्ह नीट बसावा म्हणून मदतीला हलक्या स्प्रिंगा तेवढ्या ठेवल्या. ज्या वस्तूशी वैर होते, तिला वेगात काही काम नव्हते. सुरुवातीच्या क्षणी मात्र तिची मदत घेण्यात तालिओनींना कमीपणा वाटला नाही.

२७/
२३ एप्रिल १९७२, इमोला. दोनशे मैलांची शर्यत. तालिओनींचे दोन सिलिंडरचे ७५० सीसी डेस्मो इंजिन अनेक नामवंत कारखान्यांसमोर उभे होते. आगोस्तीनीही एमव्ही घेऊन आला होता. पहिला आला पॉल स्मार्ट, दुसरा ब्रूनो स्पाज्जारी. चौदा वर्षांपूर्वी मोंझाला जिंकलेला तोच स्पाज्जारी आता एकोणचाळिशीचा होता. मोठ्या मोटरसायकलींच्या जगात डुकाटीला या एका दिवसाने स्थान मिळाले.

२८/
आणि जून १९७८. आइल ऑफ मॅन. अकरा वर्षांच्या खंडानंतर टीटीला परतलेला, अडतीस वर्षांचा माइक हेलवूड ९०० सीसी डेस्मो डुकाटीवर बसला. प्रतिस्पर्धी होंडावरचा फिल रीड. ज्या यंत्रणेवर हेलवूडने पहिली ग्रां प्री जिंकली, तिच्याच वंशजावर त्याने ही शर्यत जिंकली. मोटरसायकल शर्यतींच्या इतिहासातील गाजलेल्या पुनरागमनांत तिची गणना होते.

२९/
या वैभवाची किंमत गॅरेजमध्ये मोजावी लागे. साध्या इंजिनात टॅपेट सेटिंग म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक फट मोजणे. डेस्मोमध्ये दोन : एक उघडण्याची, एक मिटण्याची. दोन्ही योग्य जाडीच्या चकत्या घालून जुळवायच्या. त्यासाठी वेळ हवा, सरावलेला हात हवा आणि मालकाच्या खिशात पैसा हवा. डुकाटी महाग सांभाळायची, ही ख्याती काही अफवा नव्हती.

३०/
दरम्यान स्प्रिंगही स्वस्थ बसली नव्हती. पोलाद सुधारले, तिचा आकार आणि कॅमचा उतार गणिताने ठरू लागला. १९८६ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू वापरला. हा वायू थकत नाही, तुटत नाही. पुढे मोटोजीपीतील डुकाटीचे प्रतिस्पर्धीही त्याच वाटेने गेले. डुकाटी मात्र २००३ मध्ये मोटोजीपीत आली ती डेस्मो घेऊनच, आणि २००७ मध्ये केसी स्टोनर तिच्यावर जगज्जेता झाला.

३१/
तालिओनींनी हा विजय पाहिला नाही. जुलै २००१ मध्ये बोलोन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मास्सिमो बोर्दी यांनी डेस्मोला चार व्हॉल्व्हच्या हेडची जोड दिली होती. म्हणजे तालिओनी आणि होंडा यांची दोन परस्परविरोधी उत्तरे अखेर एकाच इंजिनात नांदली.

३२/
मग २०२० साल. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही ४ या लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलीसाठी नवे इंजिन जाहीर केले, आणि त्यात चक्क स्प्रिंगा होत्या. अनेक चाहत्यांना तो कुळाचाराचा भंग वाटला. कंपनीचा हिशेब सरळ होता. प्रवासी दुचाकीला अतिवरच्या फेऱ्यांची गरज नाही, मालकाला मात्र वारंवार गॅरेज नको आहे. या इंजिनाची व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किलोमीटरनंतर येते. वेगासाठी बनवलेल्या पानिगाले व्ही ४ मध्ये डेस्मो राहिलेच.

३३/
१९५६ चा तालिओनी या निर्णयाने दुखावला असता असे मानण्याचे कारण नाही. त्याने स्प्रिंग काढली ती साडेअकरा हजार फेऱ्यांवर ती कमी पडत होती म्हणून. १९६८ मध्ये किकसाठी ती उपयोगी दिसली तेव्हा त्यानेच ती परत घेतली होती. इंजिन कोणासाठी आणि कोणत्या फेऱ्यांसाठी, हे आधी ठरवायचे आणि मग यंत्रणा निवडायची, हीच त्याची रीत होती.

३४/
मोटरसायकलीत नुसता ‘मोठा’ कॅम बसवून ताकद मिळेल असे मानणाऱ्या आजच्या तरुणाला या इतिहासातून एवढे निश्चित घेता येईल : कॅम एकटा कधीच बदलत नाही. त्याच्यामागे स्प्रिंग, व्हॉल्व्हचे वजन, पिस्टनपासूनचे अंतर आणि खालच्या फेऱ्यांतील ओढ, सगळेच बदलते. हेदेमोराच्या त्या शर्यतीमागे नेमका हाच हिशेब, शेवटच्या केसभर फटीपर्यंत, कोणीतरी आधी कागदावर करून ठेवला होता.

(समाप्त)